दिवस गेल्याचे कळण्याआधी

आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागाईतदाराला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की काही दिवसांत डोळे फुटतात आणि काडीतून घड निघतो की नुसती बाळी, ते दिसू लागते. दिसते ऑक्टोबरात, पण ठरलेले असते त्याआधीच्या मे-जूनमध्ये. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीवर डोळे तयार होतात. त्या डोळ्याच्या आत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल एवढी पेशींची एक गाठ असते. तिचा घड व्हायचा की बाळी, याचा निकाल साधारण दीड-दोन महिन्यांत लागतो. आपले शेतकरी याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. या काळात ऊन कमी पडले, आभाळ भरून राहिले किंवा नत्र जास्त होऊन वेल नुसताच माजला, तर घड व्हायची ती गाठ बाळीवर जाते. मग ऑक्टोबरात कितीही खर्च करा, काडीत नसलेला घड बाहेर येत नाही.

आता वाचक म्हणतील, आरोग्याच्या सदरात डॉक्टर द्राक्षावर कुठे घसरले! कारण असे की, माणसाच्या बाळाचाही हिशेब बराचसा असाच आहे. घरात गोड बातमी कळते, पेढे वाटले जातात, दवाखान्यात नाव नोंदवले जाते. पण बाळाच्या शरीरातले कितीतरी मोठे निर्णय तोवर होऊन गेलेले असतात. हे निर्णय कोण घेते आणि कधी घेते, हे नीट समजले तर आपण काळजी कोणत्या महिन्यात घ्यायची, हेही समजेल. आजचा लेख त्यासाठी.

एका पेशीचा संसार

आईचे स्त्रीबीज आणि वडिलांचा शुक्राणू यांच्या मीलनातून एक पेशी तयार होते. ती टाचणीच्या टोकाहूनही लहान. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. मोठ्या माणसाच्या शरीरात अंदाजे ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्या ढोबळमानाने २०० प्रकारच्या असतात. यकृताची पेशी वेगळी, हाडाची वेगळी, डोळ्याच्या पडद्याची वेगळी. पण गंमत पाहा. जवळजवळ प्रत्येक पेशीकडे मूळ पेशीकडून आलेली तीच सगळी जनुके असतात, सुमारे २० हजार. म्हणजे यकृताच्या पेशीजवळ डोळा बनवण्याची कृतीही असते. ती फक्त ते पान उघडत नाही.

घरात एकच पाकशास्त्राचे पुस्तक आहे, त्यात पुरणपोळीही आहे आणि थालीपीठही. आज कोणते पान उघडायचे यावर ताटात काय पडणार ते ठरते. पेशीचा निर्णय म्हणजे हेच: कोणती जनुके चालू ठेवायची आणि कोणती कायमची मिटून टाकायची.

सुरुवातीला पेशी मोकळ्या असतात. पहिल्या काही दिवसांत गर्भाचे दोन भाग झाले, तर दोन्ही भागांतून पूर्ण बाळे होतात. हुबेहूब दिसणारी जुळी ती हीच. पण पाचव्या दिवसाच्या सुमारास पहिला मोठा निर्णय होतो. बाहेरच्या बाजूच्या पेशी वारेच्या वाट्याला जातात आणि आतल्या घोळक्यातून पुढे बाळ तयार होते. तिसऱ्या आठवड्यात या आतल्या पेशींचे तीन थर पडतात. वरच्या थरातून कातडी, मेंदू आणि मज्जारज्जू. मधल्या थरातून हृदय, रक्त, हाडे, स्नायू आणि मूत्रपिंडे. खालच्या थरातून आतडी, यकृत आणि फुप्फुसांचे अस्तर. एकदा थर ठरला की परतीची वाट जवळपास बंद होते.

पेशीला कळते कसे?

पेशीला डोके नाही, डोळे नाहीत. मग आपण हृदयाची व्हायचे की मेंदूची, हे तिला सांगते कोण? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना शंभर वर्षे झपाटून टाकले आहे.

जर्मनीत हान्स स्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मान्गोल्ड यांनी १९२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूट नावाचा सरड्यासारखा दिसणारा, पण बेडकाच्या गोतातला प्राणी असतो. त्याच्या एका फिकट रंगाच्या गर्भातला एक इवलासा तुकडा काढून त्यांनी दुसऱ्या गडद रंगाच्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला लावला. तिथे दुसरा गर्भच उभा राहू लागला! रंगावरून त्यांना दिसले की या दुसऱ्या गर्भाचा मज्जासंस्थेचा भाग मुख्यतः यजमान गर्भाच्याच पेशींनी बनवला होता. म्हणजे जी पेशी पोटाची कातडी व्हायची, ती शेजारणीच्या सांगण्यावरून मेंदूच्या वाटेला लागली. स्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळाले. हिल्डे मात्र १९२४ मध्येच, वयाच्या पंचविशीत, घरातल्या शेगडीच्या स्फोटात भाजून गेली होती.

आपल्या महाराष्ट्रातही या अभ्यासाची परंपरा आहे. डॉ. लीला मुल्हेरकर यांनी १९५०च्या दशकात एडिंबरा येथे वॉडिंग्टन या नामवंत शास्त्रज्ञाकडे कोंबडीच्या गर्भावर काम केले आणि परत येऊन पुणे विद्यापीठात हा विषय रुजवला. कोंबडीचे अंडे यासाठी सोयीचे. ते २१ दिवसांत उबते, आणि दुसऱ्याच दिवशी गर्भाच्या हृदयाची धडधड सुरू झालेली असते.

अलीकडचे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे यांचे. त्यांना २०१० मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. अमेरिकेतील सहकाऱ्यांसह त्यांच्या गटाने उंदराच्या गर्भावर केलेले संशोधन २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. मेंदूचा विचार करणारा वरचा थर, म्हणजे बाह्यक, तयार होताना 'एलएचएक्स-२' हे जनुक बटणासारखे काम करते. बटण चालू असेल तर पेशी बाह्यकाची होते. बंद असेल तर ती दुसरीच वाट धरते. कोणती वाट, हे ती कुठे बसली आहे यावर ठरते. मेंदूच्या मधल्या कडेला असेल, तर ती शेजारच्या पेशींना हुकूम सोडणारी मुकादम होते आणि आठवणी साठवण्याशी संबंध असलेला भाग नको तिथे तयार करवून घेते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या बटणाची सत्ता सुरुवातीच्या ठराविक काळापुरतीच चालते. तो काळ गेल्यावर बटण बंद केले, तरी पेशी आपली ओळख बदलत नाही.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा: पेशीच्या आतले बटण, तिची जागा व शेजार, आणि वेळ. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी मात्र बरीचशी आहे.

पहिल्या आठ आठवड्यांचे वेळापत्रक

इथे जरा हिशेब करू. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. मी इथे गर्भधारणेच्या दिवसापासून मोजतो आहे, म्हणजे डॉक्टरांच्या आकड्यातून दोन आठवडे वजा करा.

ज्या बाईची पाळी नियमित आहे, तिची पाळी चुकते तेव्हा गर्भ १४ दिवसांचा असतो. "होते कधी मागेपुढे" म्हणून ती आठ-दहा दिवस थांबते. तेवढ्यात बाविसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाचे हृदय हलू लागलेले असते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून बनतात, ती नळी सुरुवातीला उघड्या पन्हाळीसारखी असते. तिच्या दोन्ही कडा जुळून ती २८व्या दिवसापर्यंत बंद होते. त्याच सुमारास हातापायांचे कोंब फुटतात. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत वरचा ओठ सांधला जातो. टाळू त्यानंतर, तिसऱ्या महिन्यापर्यंत. आठव्या आठवड्यापर्यंत बोटे सुटी होतात. हात आधी पंजासारखा असतो आणि बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरून जातात, म्हणून बोटे मोकळी होतात. पेशीच्या निर्णयात मरण्याचाही निर्णय असतो!

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी मुली "दोन महिने झाले, आता नाव नोंदवू" म्हणून येतात. तेव्हा ती नळी बंद होऊन काही आठवडे उलटलेले असतात. ती नीट बंद झाली नसेल, तर बाळाच्या पाठीवर मज्जारज्जू उघडा राहतो किंवा कवटीच तयार होत नाही. अठरा-वीस आठवड्यांची सोनोग्राफी हे दाखवू शकते, पण तिने नळी मिटवता येत नाही. ऑक्टोबरात काडीकडे पाहण्यासारखेच ते.

या वेळेचे महत्त्व जगाने फार महाग किंमत देऊन शिकले. थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे आणि मळमळीवरचे औषध १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आले. १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत जगभर दहा हजारांहून अधिक मुले हात-पाय खुंटलेली किंवा इतर व्यंगे घेऊन जन्मली होती. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ या दिवसांत ते घेतलेल्या मातांना फटका बसला. त्यानंतर घेतलेल्यांच्या बाळांचे हातपाय शाबूत राहिले, कारण ते आधीच ठरून गेले होते.

ग्रहण, सुरी आणि सूनबाई

हे वेळापत्रक कळले की आणखी एक ओझे उतरते. आपल्याकडे दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्माला आले की पहिला प्रश्न येतो, "ग्रहणात काही चिरलेस का?" बिचारी आई आठवून आठवून रडते. सातव्या महिन्यात ग्रहण होते आणि तिने भाजी चिरली होती म्हणे! आता आपणच हिशेब करा. ओठ दुसऱ्या महिन्यातच सांधला जातो किंवा दुभंगलेला राहतो. सातव्या महिन्यातल्या सुरीने पूर्ण झालेला ओठ कसा फाटेल? आणि दुसऱ्या महिन्यात ग्रहण आले, तरी आकाशातली सावली पेशींच्या कामात ढवळाढवळ करत नाही. दुभंग ओठामागे आनुवंशिकता असते, आईचे धूम्रपान, मधुमेह किंवा काही औषधे असतात, आणि पुष्कळदा नेमके कारण सापडतच नाही. शस्त्रक्रियेने हा ओठ पहिल्या वर्षातच चांगला जोडता येतो. तेव्हा सासूबाईंना माझे हात जोडून सांगणे आहे, सुनेला दोष देण्यात दिवस घालवू नका, बाळाला शल्यविशारदाकडे न्या.

दुसरे ओझे मुलगा-मुलगीचे. ते ठरते पहिल्याच दिवशी, वडिलांच्या शुक्राणूत 'वाय' गुणसूत्र होते की 'एक्स' यावर. 'वाय'वरचे एक बटण, ज्याचा शोध १९९० मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी लावला, गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना चालू होते आणि बीजग्रंथींच्या पेशी वृषण होण्याची वाट धरतात. यात आईचा निर्णय कुठेच नाही. तरी दुसऱ्या महिन्यात "मुलगा होण्याचे औषध" देणारे लोक अजून भेटतात. औषधाची वेळ येते तेव्हा गुणसूत्राचा निकाल कधीच लागलेला असतो, म्हणजे उपयोग शून्य. धोका मात्र पुरेपूर, कारण बाळाचे अवयव नेमके त्याच दिवसांत घडत असतात. हरियाणात अशा औषधांची तपासणी झाली, तेव्हा त्यांत संप्रेरके आणि संप्रेरकांसारखे काम करणारी द्रव्ये आढळली. मुलगा तर मिळत नाहीच, जे बाळ पोटात आहे त्याला इजा होण्याची भीती. असे औषध कोणी दिले तर घेऊ नका. घेतले असेल तर न लपवता डॉक्टरांना सांगा.

मग करायचे काय?

काळजी पाळी चुकल्यावर नव्हे, आधीपासून घ्यायची. मूल हवे असे नवराबायकोने ठरवले की पुढील गोष्टी करा.

१) फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून ते पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत रोज. नेहमीचे प्रमाण ४०० मायक्रोग्रॅम. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनेक देशांतील चाचणीत, आधी असे बाळ झालेल्या मातांना मोठ्या मात्रेत हे जीवनसत्त्व दिल्यावर तोच दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. तेव्हा आधीचे बाळ असे झाले असेल, किंवा मधुमेह वा फिट्सचे औषध चालू असेल, तर मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोळी स्वस्त आहे. सगळे दोष तिने टळत नाहीत, पण इतक्या थोड्या पैशांत एवढे संरक्षण दुसऱ्या कशाने मिळत नाही. मेथी, पालक, हरभरा, मूग, शेंगदाणे हे खायचेच. पण भाजी खाते म्हणून गोळी टाळू नका.

२) बी-१२ विसरू नका. फॉलिक अ‍ॅसिड एकटे काम करत नाही, त्याला या जीवनसत्त्वाची जोड लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात बऱ्याच मातांमध्ये बी-१२ कमी आढळले. शाकाहारी घरात हे जास्त. दूध, दही, ताक रोज घ्या, अंडे चालत असेल तर ते खा, आणि एकदा रक्त तपासून घ्या.

३) साखर, थायरॉईड आणि रक्त. मधुमेह असलेल्या मुलीने साखर ताब्यात आल्यावरच दिवस राहू द्यावेत. साखर वाढलेली असताना पहिल्या आठवड्यांतील हृदय आणि मज्जारज्जूच्या घडणीला धोका असतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही आधीच पाहा.

४) चालू औषधे दाखवा. फिट्सवरील व्हॅल्प्रोएट, मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट ही औषधे गर्भाला घातक ठरू शकतात. पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिट्सचे औषध एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते. मूल हवे आहे असे डॉक्टरांना आधी सांगा, ते बदलून देतील.

५) रुबेलाची लस. हा गोवरासारखा दिसणारा सौम्य आजार. मोठ्यांना दोन दिवसांचा ताप, पण पहिल्या तीन महिन्यांतील गर्भाचे डोळे, कान आणि हृदय तो बिघडवतो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलामुलींना ही लस देण्याची मोहीम झाली. त्यावेळी ज्या पंधरा वर्षांच्या पुढे होत्या, त्यांतल्या अनेकींना लस मिळालेली नसेल. ती गरोदरपणाआधीच घ्यायची असते आणि घेतल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात.

६) मशेरी, तंबाखू आणि दारू बंद. यात नवऱ्यानेही घरात विडी-सिगारेट ओढायची नाही. मूल हवे असलेल्या किंवा गरोदर बाईने बागेत फवारणी आणि औषधे कालवण्याच्या कामापासून दूर राहावे. पहिल्या आठवड्यांत ती गरोदर आहे हे तिलाही ठाऊक नसते, म्हणून हे आधीपासूनच.

आणि ज्यांना न ठरवता दिवस गेले, त्यांनी घाबरून जाऊ नये. कोणतीच खास काळजी न घेता जन्मलेली बहुसंख्य बाळे धडधाकट असतात. पेशी आपले काम फार चोख करतात. पाळी चुकल्याचे लक्षात येताच तपासणी करा आणि त्या दिवसापासून गोळी सुरू करा.

तुळशीचे लग्न झाले की आपल्याकडे मुहूर्त निघू लागतात. याद्या होतात, बस्ता बांधला जातो, हॉल आणि आचारी ठरतात. त्या धावपळीत एक सकाळ मुलामुलीने आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसाठी राखून ठेवावी. बरोबर जुन्या आजारांचे कागद न्यावेत आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत. मूल लगेच हवे की दोन वर्षांनी, हेही मोकळेपणाने सांगावे. लाजण्यासारखे यात काही नाही. खेड्यात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीची चौकशी करा. आणि घरात नवी सून येणार असेल, तर सासूबाई, ही चौकशी तुम्हीच करा. तुम्ही विचारलेत तर सुनेला संकोच वाटणार नाही.